जॅक्सन फाइव्ह आणि द जॅक्सन्स: भाऊ निघाले, नाव मागे राहिलं

मायकल जॅक्सन कोण हे सांगायला नको. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात तो नाचला, तेव्हापासून तर आपल्याकडे घराघरात त्याचं नाव आहे. गोंधळ होतो तो त्याच्या आधीच्या भागात. 'लहानपणी जॅक्सन फाइव्हमध्ये होता, मग बँड फुटला आणि तो एकटा गायला लागला.' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता राहवत नाही. त्यातला फक्त पहिला तुकडा बरोबर आहे.

आधी किरकोळ फरक. 'जॅक्सन फाइव्ह' आणि नंतरचं 'द जॅक्सन्स', या दोन्ही नावांखाली बहुतेक काळ भाऊ पाचच होते. जर्मेन हा भाऊ गेला, धाकटा रँडी आला. जॅनेट यात कधीच नव्हती; १९७६ च्या टीव्ही कार्यक्रमात बहिणी होत्या, म्हणून लोक तिलाही बँडमध्ये बसवतात.

खरी गोम वेगळीच आहे: गाणी कुणाची आणि नाव कुणाचं?

इंडियानातल्या गॅरी या पोलादाच्या गावातली ही पोरं १९६९ मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डवर आली आणि १९७० मध्ये त्यांची पहिली चार गाणी लागोपाठ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. ती लिहिण्यात आणि घडवण्यात मोटाउनच्या घरच्या मंडळींचा हात होता. भावांनी गायचं, नाचायचं. स्वतःची गाणी लिहायला, रेकॉर्डिंगची सूत्रं हाती घ्यायला मुभा नव्हती. त्यातल्या 'आय वॉन्ट यू बॅक'मधला बास गिटार आजही मला उभ्याउभ्या हलवतो, पण तो या भावांपैकी कुणी वाजवलेला नाही.

पोरं मोठी झाली, स्वतःची गाणी हवीशी वाटू लागली, रॉयल्टी तर तुटपुंजीच. १९७५ मध्ये त्यांनी एपिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे जायचं ठरवलं. मोटाउननं कोर्टात खेचलं, आणि 'जॅक्सन फाइव्ह' हे नाव कंपनीनं नोंदवून ठेवलेलं असल्यामुळे ते तिथेच राहिलं. जर्मेनही राहिला, मोटाउनचे मालक बेरी गॉर्डी त्याचे सासरे होते. बाकीचे रँडीला घेऊन 'द जॅक्सन्स' झाले. याला बँड फुटणं म्हणू नका. माणसं जवळपास तीच होती, फक्त स्वतःच्या आडनावापुढचा आकडा त्यांना वापरता येईना.

नव्या घरीही लगेच मोकळीक मिळाली नाही. पहिले दोन अल्बम फिलाडेल्फियाच्या गॅम्बल आणि हफ या निर्मात्यांच्या देखरेखीखाली झाले. सूत्रं हाती आली ती १९७८ च्या 'डेस्टिनी'त. त्यातली एक सोडून सगळी गाणी भावांची. 'शेक युअर बॉडी' रँडी आणि मायकलचं. सोडलेलं ते एक म्हणजे 'ब्लेम इट ऑन द बूगी', आणि त्याच्या लेखकांत मिक जॅक्सन नावाचा इंग्लंडचा गायक आहे. त्याचा या घराण्याशी काहीही संबंध नाही! हे गाणं जॅक्सन फाइव्हच्या यादीत दिसलं की मी ती यादी बंद करतो. माझ्या मते हे कुटुंब ओळखायचं असेल तर 'डेस्टिनी' ऐकावा, मोटाउनचे संग्रह नंतर.

आता 'मग मायकल एकटा झाला' याबद्दल. त्याचं पहिलं एकट्याचं गाणं १९७१ चं, म्हणजे जॅक्सन फाइव्ह जोरात असतानाचं. त्याचे एकट्याचे अल्बम बघा: 'ऑफ द वॉल' १९७९ चा, 'थ्रिलर' १९८२ चा, आणि या दोन्ही वेळी तो द जॅक्सन्समध्येच होता. बाहेर पडला तो १९८४ च्या 'व्हिक्टरी' दौऱ्यानंतर. त्या दौऱ्यात जर्मेनही परतला होता, त्यामुळे भाऊ सहा.

१९९७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं मान दिला तो जॅक्सन फाइव्हला. त्या यादीत पाच नावं आहेत. 'शेक युअर बॉडी' लिहिणारा रँडी त्यात नाही.