टर्कीचा मीटलोफ: हलका हवा, पण कोरडा नको
(आमच्याकडून टर्कीचा खिमा नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

खिम्यात कांदा, अंडं, ब्रेडचा चुरा घालायचा, पावाच्या आकाराचा गोळा करायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचा, की झाला मीटलोफ. इथल्या अमेरिकन घरांत तो मुख्यतः बीफचा होतो. इथे राहणारी बरीच मराठी कुटुंबं बीफ खात नाहीत. काहींना डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितलेली असते. म्हणून टर्की घेतली जाते, आणि निवड चांगलीच आहे. अडचण पुढे येते. बीफची रेसिपी जशीच्या तशी टर्कीला लावली की लोफ कोरडा होतो आणि घास घशाखाली उतरत नाही. मग वर केचप आणि ब्राउन शुगरचा जाड थर येतो, चीज येतं, बेकनच्या पट्ट्या येतात. ज्यासाठी टर्की आणली तेच हातचं जातं. म्हणून या पत्रकात सगळ्यात जास्त जागा ओलाव्याला दिली आहे. लोफ रसदार झाला तर त्यावर काही लपेटावं लागत नाही.

पाकिटावरचा आकडा आधी वाचा

टर्की म्हणजे कमी चरबी, हे गृहीत धरू नका. नुसतं ‘ग्राउंड टर्की’ लिहिलेल्या खिम्यात मांडीचं गडद मांस आणि कातडीही दळलेली असू शकते. खरी माहिती आकड्यात असते: खिम्यात चरबी सोडून किती टक्के मांस (‘लीन’) आहे ते तो सांगतो. आमच्या रेसिपीत २ पाउंड (सुमारे ९०० ग्रॅम) खिम्याचे ८ काप होतात, म्हणजे एका कापात ४ औंस कच्चा खिमा. लेबलवरचं एक सर्व्हिंगही तेवढंच असतं, त्यामुळे हिशेब सोपा आहे. ८५ टक्क्यांच्या खिम्यात एका कापामागे १७ ग्रॅम चरबी येते, ९३ टक्क्यांच्या खिम्यात ८ ग्रॅम आणि ९९ टक्क्यांच्या, म्हणजे निव्वळ छातीच्या खिम्यात जेमतेम १ ग्रॅम. याचा अर्थ ८५ टक्क्यांची टर्की ९३ टक्क्यांच्या बीफपेक्षा दुप्पट चरबीची असते. तिला ‘हेल्दी’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

तरीही मीटलोफसाठी आम्ही ९९ टक्क्यांचा खिमा सुचवत नाही. तासभर ओव्हनमध्ये राहणाऱ्या पदार्थात त्याचा चोथा होतो. ९३ टक्क्यांचा घ्या. तो मिळाला नाही तर १ पाउंड ९९ टक्क्यांचा आणि १ पाउंड ८५ टक्क्यांचा एकत्र करा; सरासरी ९२ येते, काम भागतं. दळण निवडता येत असेल तर जाड दळलेला मागा. अगदी बारीक खिमा एकमेकांना चिकटतो आणि काप घट्ट, रबरी होतो.

साहित्य

९३ टक्क्यांचा टर्कीचा खिमा २ पाउंड. मश्रूम ८ औंस (२२५ ग्रॅम), अगदी बारीक चिरून. मध्यम कांदा १, गाजर १ किसून, लसूण ३ पाकळ्या, तेल १ टेबलस्पून. रोल्ड ओट्स पाऊण कप, दूध अर्धा कप, अंडं १. टोमॅटो पेस्ट २ टेबलस्पून, वूस्टरशर सॉस १ टेबलस्पून, साधं बारीक मीठ सपाट १ टीस्पून, मिरपूड अर्धा टीस्पून, सुका थाइम १ टीस्पून, मूठभर पार्सली किंवा कोथिंबीर.

वरच्या लेपासाठी टोमॅटो पेस्ट ३ टेबलस्पून, पाणी ३ टेबलस्पून, ॲपल सायडर व्हिनेगर १ टेबलस्पून, मोहरीची पेस्ट १ टीस्पून, मध १ टीस्पून, स्मोक्ड पॅप्रिका अर्धा टीस्पून.

माशाची ॲलर्जी असेल तर वूस्टरशर सॉस वगळा, त्यात अँकोवी हा मासा असतो. ग्लुटेन चालत नसेल तर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलेच ओट्स घ्या, किंवा ओट्सऐवजी १ कप पातळ पोहे वापरा. पोहे धुऊन, निथळून दहा मिनिटं ठेवा आणि हाताने कुस्करा. त्यांनी आधीच पाणी घेतलेलं असतं, म्हणून दूध पाव कपच घाला. कटलेटला पोहे घालणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नकोच. मीटलोफमध्येही ते छान धरून ठेवतात. स्टील-कट ओट्स मात्र नकोत. तेवढ्या वेळात ते शिजत नाहीत, दाताखाली येतात.

ओलावा धरून ठेवायचा कसा

तापलं की मांसातली प्रथिनं आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. ते थोपवण्याचं काम भिजवलेले ओट्स करतात. त्यांचा स्टार्च दुधात फुगून खळीसारखा होतो, खिम्याच्या कणांमध्ये बसतो, पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांना एकमेकांना घट्ट बिलगू देत नाही. कोरडे ओट्स घातले तर उलटं होतं, ते पाणी खिम्यातूनच ओढतात. म्हणून खिमा हातात घेण्याआधी ओट्स दुधात १५ मिनिटं भिजत ठेवा. चमच्याने ढवळल्यावर दाटसर पेजेसारखं दिसायला हवं.

दुसरं काम मश्रूमचं. टर्कीला जी सौम्य, काहीशी अळणी चव असते ती मश्रूमने भरून निघते, आणि मीठ न वाढवता निघते. पण मश्रूम कच्चे घालू नका. त्यांच्यात पाणी फार असतं. ते लोफच्या आतच सुटलं तर काप मोडतात आणि ट्रेमध्ये तळं साचतं. पसरट पॅनमध्ये तेल तापवा, मश्रूम घाला आणि कान देऊन ऐका. आधी पाणी सुटेल आणि पॅनमधून खदखद ऐकू येईल. आठ-दहा मिनिटांत पाणी आटलं की आवाज बदलतो, चुरचुर सुरू होते. मग कांदा, गाजर आणि लसूण घालून कांदा मऊ होईपर्यंत परता. शेवटी २ टेबलस्पून टोमॅटो पेस्ट घालून मिनिटभर हलवा, पेस्टचा कच्चा आंबटपणा जातो. हे सगळं ताटलीत पसरून पूर्ण गार करा. गरम भाजी कच्च्या खिम्यात गेली तर खिमा कोमट होतो आणि जंतूंना वाढायला तेवढं पुरतं.

आपल्या चवीने आलं-मिरची घालायची असेल तर जरूर घाला, पण आलं कांद्याबरोबर परतून घ्या. कच्च्या आल्यात मांस मऊ करणारं विकर असतं. मिश्रण थोडा वेळ जरी ठेवलं तरी खिमा पिठूळ व्हायला लागतो.

मिसळणं आणि आकार

ओव्हन ३५० अंश फॅरनहाइटला (सुमारे १७५ सेल्सियस) लावा. मोठ्या भांड्यात भिजवलेले ओट्स, अंडं, गार झालेली भाजी, वूस्टरशर सॉस, मीठ आणि मसाले आधी एकजीव करा. खिमा सगळ्यात शेवटी. हे उलटं केलं तर मीठ सगळीकडे पोचावं म्हणून खिमा नाहक चिवडला जातो. मीठ लागल्यावर मांसातलं मायोसिन हे प्रथिन सुटतं, चिकट होतं, आणि जितकं मळाल तितकी त्याची वीण घट्ट होते. सॉसेजला ते हवं असतं, मीटलोफला नको. बोटं फाकवून, भेळ कालवतो तसं हलक्या हाताने कालवा. कणीक तिंबल्यासारखं अजिबात नको. खिम्याचे पांढुरके पट्टे दिसेनासे झाले की थांबा. साधारण एका मिनिटाचं काम आहे. मिश्रण बीफपेक्षा सैल आणि चिकट लागेल. तसंच असायला हवं. घाबरून ओट्स वाढवू नका. फारच पसरत असेल तर भांडं २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

मीठ बेताचं आहे का हे बघायला चमचाभर मिश्रणाची टिक्की तव्यावर पूर्ण भाजून चाखा. कच्चं मिश्रण जिभेला लावू नका.

लोफ पॅनपेक्षा पसरट ट्रेवर हाताने दिलेला आकार आम्हाला जास्त पसंत आहे. पॅनमध्ये सुटलेली चरबी आणि पाणी लोफभोवतीच साचतं, कडा उकडल्यासारख्या होतात. ट्रेवर ते वाहून जातं आणि तिन्ही बाजूंनी खरपूस रंग येतो. ट्रेवर बेकिंग पेपर घाला आणि ओल्या हातांनी साधारण १० इंच लांब, ५ इंच रुंद आणि अडीच इंचांपेक्षा कमी उंचीचा लोफ करा. मधोमध बोटांनी लांबट, उथळ खळगा ठेवा. भाजताना मध्य फुगतो, तो सपाट राहतो. पृष्ठभाग ओल्या तळव्याने गुळगुळीत करा. खडबडीत राहिला तर भेगा तिथूनच सुरू होतात.

भाजणं

अशा लोफला ६० ते ७५ मिनिटं लागतात. घड्याळ फक्त अंदाजासाठी, निर्णय थर्मामीटरचा. ५० मिनिटांनी पहिल्यांदा बघा. थर्मामीटरची सुई वरून न खुपसता लोफच्या टोकाकडून आडवी, बरोबर मध्यापर्यंत न्या. वरून घातली तर ती तापलेल्या ट्रेला टेकून खोटा आकडा दाखवू शकते. मध्यभागी १६५ अंश फॅरनहाइट (७४ सेल्सियस) झालं पाहिजे. पोल्ट्रीच्या खिम्यासाठी अमेरिकेच्या कृषी विभागाने ठरवलेली ही किमान मर्यादा आहे. यात तडजोड नको: अख्ख्या मांसात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, पण दळताना ते आतपर्यंत मिसळतात. आणि १६५ झाल्यावर ‘अजून पाच मिनिटं असू दे’ही नको. १८० ला गेलेला लोफ कोणताही लेप वाचवू शकत नाही.

रंगावर जाऊ नका. पूर्ण शिजलेली टर्कीही कधी आत गुलाबी राहते, आणि कधी गुलाबी रंग गेला तरी ती शिजलेली नसते. थर्मामीटर जुना असेल तर बर्फ ठेचून भरलेल्या पाण्यात धरा. ३२ दाखवायला हवेत.

लेप ४५ मिनिटांनंतर लावा. सुरुवातीलाच लावला तर वाळून काळपट होतो. त्यातल्या साखरेचा हिशेबही बघा. नेहमीच्या रेसिपीत अर्धा कप केचप आणि पाव कप ब्राउन शुगर असते. दोन्ही मिळून सुमारे ८५ ग्रॅम साखर होते, म्हणजे एका कापामागे १० ग्रॅमहून जास्त. अमेरिकन हार्ट असोसिएशन दिवसभरात वरून घातलेल्या साखरेची मर्यादा स्त्रियांसाठी २५ ग्रॅम आणि पुरुषांसाठी ३६ ग्रॅम सांगते. आमच्या लेपात वरून घातलेलं गोड म्हणजे एक चमचा मध, एका कापामागे १ ग्रॅमसुद्धा नाही. आंबटगोडाचं काम टोमॅटो पेस्ट आणि व्हिनेगर करतात. मिठाचंही तसंच: एका टीस्पूनमधून एका कापाला सुमारे ३०० मिलिग्रॅम सोडियम येतं, आणि दिवसाची शिफारस केलेली मर्यादा २,३०० आहे. खिमा आणि सॉस यांचं सोडियम त्यात वेगळं मिळवायचं. खिम्याच्या पाकिटावर ‘ब्रॉथ’ किंवा ‘सोल्यूशन’ लिहिलं असेल तर मीठ अर्ध्यावर आणा, त्यात ते आधीच असतं.

ओव्हनमधून काढल्यावर १५ मिनिटं हात लावू नका. लगेच कापलात तर जो रस आत ठेवायला एवढी खटपट केली तो ट्रेवर वाहतो. मग पावाच्या दातेरी सुरीने, न दाबता, सव्वा-सव्वा इंचाचे ८ काप करा.

बिघडतं ते इथे

काप करताना लोफ ढासळला तर बहुधा मश्रूमचं पाणी आटलं नव्हतं, किंवा कापायची घाई झाली. काप चिवट, उसळणारा झाला तर जास्त मळला गेला. वर मोठी भेग पडली तर ओव्हन फार गरम होता किंवा मिश्रण कोरडं होतं. बाजूने पांढरट दह्यासारखं काही सुटलं तर घाबरू नका, ते गोठलेलं प्रथिन आहे, पुसून टाका. पण ते फार असेल तर लोफ जास्त तापला असं समजा.

मुलांच्या डब्यासाठी याच मिश्रणाचे मफिनच्या साच्यात १२ छोटे लोफ होतात. ३७५ अंशांवर २२ ते २८ मिनिटं लागतात, तपासणी तीच, १६५.

ठेवणं

कच्चा खिमा फ्रिजमध्ये ४० अंश फॅरनहाइटच्या खाली, जास्तीत जास्त दोन दिवस. त्याहून उशीर होणार असेल तर आणल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाका. चव तीन-चार महिने चांगली राहते. वितळवायचा तो फ्रिजमध्येच, आदल्या दिवशी काढून, खाली खोलगट ताट ठेवून. घाई असेल तर घट्ट बंद पिशवीत थंड पाण्यात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. असा वितळवलेला खिमा लगेच शिजवा. ओट्यावर उघडा ठेवून वितळवू नका, आणि कच्चं पोल्ट्री धुऊही नका. सिंकभर उडालेले थेंब मग कोशिंबिरीपर्यंत जातात.

शिजलेला लोफ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. तिथे तीन-चार दिवस टिकतो. काप एकेक करून बेकिंग पेपरमध्ये गुंडाळून गोठवले तर हवा तेवढाच काढता येतो. गरम करताना कापावर चमचाभर पाणी शिंपडा, झाकण ठेवा आणि पुन्हा १६५ पर्यंत न्या. उरलेला काप कुस्करून पोळीच्या रोलमध्ये, कच्च्या कांद्याबरोबर, फार छान लागतो.

कातडी काढलेली मांडी आणि छाती निम्मी-निम्मी, जाड दळून हवी असेल तर आदल्या दिवशी काउंटरवर सांगून ठेवा. २ पाउंडांची पाकिटं करून देऊ.