गोधडीचा गोट आधी की शेवटी?

इंदूरच्या मराठी घरांत जुन्या साड्यांची गोधडी मशीनवर शिवून घेतली, तर गोट, म्हणजे कडा झाकणारी पट्टी, सगळ्यात शेवटी लागतो. हातानं शिवलेल्या गोधडीचा क्रम याच्या उलट होता.

होळकरांबरोबर अठराव्या शतकात माळव्यात आलेल्या कुटुंबांनी गोधडीही सोबत आणली. विरलेली नऊवार लुगडी, मधे धोतरं, पोरांचे आखूड झालेले कपडे असे थर अंथरायचे, कडा आत मुडपून आधी त्या पक्क्या करायच्या, मग धावदोऱ्याचे फेर घेत मध्याकडे सरकायचं. लुगड्याचा अंगभाग विरतो तेव्हाही काठ धड असतात. ते फाडून कडेला लावले की वेगळ्या पट्टीची गरज नसे. बाहेरून आत आलं तरी मधे फुगा राहत नाही, कारण हाताची सुई एका वेळी तीन-चार टाके घेते आणि प्रत्येक वेळी बोटं खालचं-वरचं कापड सारखं करतात. थोडी चुणी उरलीच तर ती दोऱ्यात जिरते.

मशीनला हे जमत नाही. खालचे दाते कापड पुढे ओढतात, वरून सुईजवळचा दाबपाय (फूट) ते दाबून धरतो, त्यामुळे खालचा थर सरकतो आणि वरचा मागे राहतो. दोन थरांत हा फरक कळतही नाही, पण चार-पाच थरांत ओळीच्या टोकाला सुरकुती पडते. कडा आधीच बंद असतील तर ती ढिलाई आत अडकून बसते. म्हणून मशीनवर मध्यापासून बाहेर जायचं, सरकून आलेलं जास्तीचं कापड कडेला कापून टाकायचं आणि उघड्या थरांवर गोट चढवायचा. थरांवर आधी कच्चा दोरा (लांब, तात्पुरते टाके) घालायचा कंटाळा करणाऱ्याला पुढे बरंच उसवावं लागतं.

लॉकस्टिचच्या, म्हणजे वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवणाऱ्या मशीनचं एलियस हाव याचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंगनं ‘उषा’ काढली आणि पुढे मशीन मध्यमवर्गीय घरात रुळलं. तरी गोधडीत ते बराच काळ कडेपुरतंच राहिलं असणार. घरगुती मशीनवर सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यात जेमतेम सहा-सात इंच जागा असते. त्यात गुंडाळलेली अख्खी गोधडी कोंबून मधल्या टिपा मारणं हे अंगमेहनतीचं काम. अमेरिकेतही मशीनच्या टिपेला फार दिवस दुय्यम मानत. केंटकीतल्या पाड्यूका शहरातल्या गोधड्यांच्या मोठ्या प्रदर्शनात मशीननं थर शिवलेल्या कामाला, कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या, पहिलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं ते १९८९ मध्ये.

इंदुरात मधल्या काळात कापडच बदललं. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांच्यामुळे शहरात सुती कापडाची वाण नव्हती. हुकुमचंद मिल १९९१ च्या अखेरीस बंद पडली. त्याआधीच रोजच्या नेसणीतून नऊवार गेलं होतं आणि सिंथेटिक साड्या आल्या होत्या. गोधडीला ही साडी वाईटच, असं माझं मत. थर एकमेकांवरून निसटतात, घाम शोषला जात नाही, आणि काठही छापील, म्हणजे कडेला लावायला निरुपयोगी. तेव्हापासून गोटाची पट्टी वेगळी विकत आणावी लागते.

ती उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी कापलेलीच हवी असा अनेकींचा समज आहे. सरळ कडांना उभ्या-आडव्या धाग्याची पट्टी पुरते, शिवाय ती ताणली जात नाही. कोपरे गोल असतील तरच उरेब कापायची. साधारण अडीच इंच रुंद पट्टी मधोमध दुमडून कडेला पाव इंचावर टिप मारली की दुहेरी गोट होतो आणि घासणारी कडा लवकर फाटत नाही. पट्ट्यांचे जोड मात्र तिरके घ्यावेत, म्हणजे सगळी जाडी एका जागी येऊन सुई अडत नाही.