चाकाचा जाम नट सोडवणे

मोटारीचे चाक हबवर (आसाच्या टोकाशी, चाक ज्यावर बसते त्या भागावर) आवळून धरणारा नट गंजामुळे, अतिरिक्त आवळणीमुळे किंवा आटे बिघडल्यामुळे नेहमीच्या पान्याने फिरेनासा होतो. चाकाला, स्टडला (नट ज्यावर चढतो त्या आटे असलेल्या दांडीला) व हबला इजा न करता तो काढण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे. कोल्हापूरच्या गॅरेजांत या संदर्भात ‘नट धरलाय’, ‘नट गोल झालाय’ आणि ‘स्टड फिरतोय’ असे तीन प्रयोग कानावर येतात. गाडीमालक ते सरमिसळ वापरतो, पण हे तीन वेगळे दोष आहेत. पहिल्यात आटे किंवा नटाची बैठक (नट चाकावर जिथे टेकतो तो भाग) पकडून राहिलेली असते. दुसऱ्यात नटाच्या सहा कडा झिजून पाना घसरतो. तिसऱ्यात हबमध्ये दाबून बसवलेला स्टडच नटाबरोबर फिरू लागतो. दोष ओळखण्याआधीच जोर लावला, तर पहिल्याचा दुसरा आणि दुसऱ्याचा तिसरा व्हायला वेळ लागत नाही.

भारतातील बहुतेक छोट्या मोटारींत स्टड १२ मिमी. व्यासाचा असतो आणि नटाला १९ किंवा २१ मिमी.ची गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा पाना, सॉकेट) लागते. आट्यांचे अंतर काही गाड्यांत १.२५, तर काहींत १.५ मिमी. असते. हा फरक डोळ्याला दिसत नाही. एकाचा नट दुसऱ्याच्या स्टडवर दोन-तीन फेरे सहज चढतो, मग अडतो. तिथून पुढे जबरदस्तीने फिरवला की दोन्हींचे आटे जातात. स्टेपनी बदलताना झालेली ही चूक बऱ्याचदा पुढच्या पंक्चरच्या वेळी ‘जाम नट’ म्हणून उघडकीस येते. जर्मन बनावटीच्या अनेक मोटारींत स्टड-नटाऐवजी थेट हबमध्ये जाणारे बोल्ट असतात. तेथे आटे बिघडले तर नुकसान हबचे होते.

नट धरण्याची कारणे : लोखंड गंजले की गंजाचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीहून अधिक होते. आट्यांमधील फट केसाएवढीही नसल्याने फुगलेला गंज पाचरीसारखा बसतो. मिश्रधातूच्या चाकात ॲल्युमिनियम व पोलाद ओलाव्यात एकमेकांना टेकून राहतात, त्यामुळे विद्युत्-रासायनिक क्षरणाची भर पडते आणि पांढुरकी भुकटी नटाच्या बैठकीत साचते. मात्र व्यवहारात गंजाइतकाच, किंबहुना अधिक, दोष आवळणीचा असतो. छोट्या मोटारीचा नट साधारणपणे ८० ते १२० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचे एकक) इतकाच आवळायचा असतो. ४० किलो वजनाचा जोर ३० सेंमी. लांबीच्या पान्याच्या टोकावर पडला की सुमारे ११८ न्यूटन-मीटर होतात, म्हणजे गाडीबरोबर येणारा पाना एका माणसाच्या हाताला पुरेसा असतो. त्यावर उभे राहून नाचणे किंवा हवेच्या गनने ‘घर्र’ आवाज थांबेपर्यंत दाबून धरणे, या दोन्ही सवयी नट पुढच्या वेळेसाठी जाम करून ठेवतात.

आवळताना आट्यांना तेल-ग्रीस लावावे की नाही, याबद्दल दोन मते आहेत. आवळण्यासाठी लावलेल्या जोराचा सुमारे नऊ-दशांश भाग बैठकीच्या व आट्यांच्या घर्षणात खर्च होतो आणि उरलेला एक-दशांशच स्टडला ताण देतो. तेल लावल्याने घर्षण घटते, म्हणून त्याच जोरात स्टड अधिक ताणला जातो. यामुळे बहुसंख्य उत्पादक आटे कोरडे ठेवण्यास सांगतात. जुन्या मिस्त्रींचे म्हणणे असे, की पावसाळी मुलखात कोरडा आटा दुसऱ्या वर्षी निघतच नाही. तारेच्या ब्रशने आटे घासून कोरडेच ठेवावेत आणि ग्रीसचा पातळ हात फक्त हबच्या मधल्या उंचवट्याला द्यावा, म्हणजे चाक हबला चिकटत नाही, हा मार्ग अधिक ग्राह्य दिसतो. नटाच्या शंकूच्या बैठकीवर ग्रीस लागू देऊ नये.

आट्यांची दिशा : जुन्या जीपचा नट सोडवताना जाणकारही फसतो. विलिस जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड डाव्या आट्यांचे असत, म्हणजे तो नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला तर सुटे. काही जुन्या मालमोटारींतही ही पद्धत आढळते. उजव्या आट्याच्या समजुतीने पान्याला लांब पाइप लावून ओढलेला असा नट सुटण्याऐवजी आवळला जातो आणि शेवटी स्टड मोडतो. या रचनेचे कारण दोन प्रकारे सांगितले जाते. एका स्पष्टीकरणानुसार ब्रेक लागल्यावर चाक थांबते, पण नट जडत्वामुळे पुढे फिरू पाहतो. डाव्या बाजूला ही दिशा उजवे आटे सोडवणारी असल्याने तेथे डावे आटे दिले. दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार कारण भाराचे आहे. भार नेहमी खाली, चाक मात्र फिरते. त्यामुळे चाकाच्या दृष्टीने पाहिल्यास भाराची दिशाच उलट फिरत राहते आणि सैल भोकातील नट त्या भोकाच्या कडेवर किंचित किंचित लोळत जातो. सायकलच्या डाव्या पायडलला डावे आटे असतात, ते याच कारणाने. नटाचे स्वतःचे जडत्व अगदीच किरकोळ असल्याने दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. शंकूच्या बैठकीचे नट रूढ झाल्यावर भोकातील ही फटच उरत नाही. म्हणून आजच्या मोटारींत दोन्ही बाजूंना उजवेच आटे असतात. जुनी गाडी हाती आली तर स्टडच्या टोकावर ‘एल’ हे इंग्रजी अक्षर कोरले आहे का, हे आधी पुसून पाहावे.

धरलेला नट : गाडी जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला आणि इतर चाकांना दगड लावलेले असतानाच नट ढिला करतात, जॅकवर चढवलेल्या गाडीवर पाइपने जोर लावणे जिवावर बेतू शकते. आट्यांत पातळ तेल सोडून काही तास, जमल्यास रात्रभर थांबावे. बाजारातील डब्लूडी-४० हे १९५३ मध्ये पाणी दूर सारण्यासाठी तयार झालेले द्रव्य. गॅरेजात डिझेल किंवा रॉकेलही चालवून घेतात. नंतर सहा कोनांची गोटी चढवून तिच्या माथ्यावर हातोडीचे दोन-चार सरळ ठोके देतात, म्हणजे आट्यांतील गंज तडकतो. मग आधी किंचित आवळण्याच्या बाजूला आणि लगेच सोडण्याच्या बाजूला झोका देतात.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतील एक वयस्क मिस्त्री हे काम करताना डावा हात गोटीवरच ठेवतात. नट सुटण्याची खूण त्यांना कानाने व त्या हाताने कळते : ‘टक्’ असा कोरडा आवाज आला की बैठक सुटली, कर्रकर्र आवाज करत नट जड फिरत राहिला तर आटे एकमेकांना खात आहेत, तेव्हा परत आवळून तेल सोडायचे, आणि आवाजच न होता पाना रबरासारखा मऊ लागला तर हात थांबवायचा, कारण आता नट फिरत नसून स्टड पिळला जातोय. १२ मिमी.चा स्टड साधारणतः २०० न्यूटन-मीटरच्या आसपास पिळवटतो. एक मीटर पाइपवर तोच ४० किलोचा जोर ३९० च्या पुढे जातो, हे ध्यानात घेतले की ही सावधगिरी का, ते कळते.

गोल झालेला नट : बारा कोनांची झिजलेली गोटी हे याचे नेहमीचे कारण. काही नटांवर चकचकीत पत्र्याची टोपी असते. ती आतून गंजून फुगली की ठरलेली गोटी बसत नाही आणि टोपी छिन्नीने काढावी लागते. एरवी एक-दोन मिमी. लहान, जुनी, वाया गेली तरी चालेल अशी सहा कोनांची गोटी घणाने ठोकून बसवतात. उलट्या पिळाच्या दात्यांची खास गोटीही मिळते. ती सोडण्याच्या दिशेने जितकी फिरवावी तितकी नटात रुतते. चोरीपासून संरक्षणासाठीच्या लॉक नटाची चावी हरवल्यास हाच उपाय करतात. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गोल नटावर मोठा नट वेल्ड करणे : नवे सहा कोन मिळतात आणि उष्णतेने आटे मोकळे होतात. २०० अंश से. तापमानवाढीने १२ मिमी.चे भोक जेमतेम ०.०३ मिमी. वाढते, पण गंजाचा थर तडकायला ते पुरते. टायरमध्ये हवा असताना मात्र चाकावर आच किंवा वेल्डिंग कदापि करू नये, आतील रबर तापून टायर फुटतो आणि अशा स्फोटात माणसे दगावतात. मिश्रधातूच्या चाकाची मजबुतीही आचेने कायमची घटते.

स्टड फिरत असेल तर : नट कापणे किंवा खाचा पाडून फोडणे एवढेच उरते. जुना स्टड मागे ठोकून काढतात व नवा स्टड वायसर (चकती) व नट यांच्या साहाय्याने हबमध्ये ओढून बसवतात.

कोल्हापूर परिसरातील स्थिती : गगनबावड्याकडचा मुसळधार पाऊस आणि २०१९ व २०२१ च्या पंचगंगेच्या पुरांत पाण्यात उभी राहिलेली वाहने, यांमुळे गंजलेले नट येथे नित्याचे आहेत. ऊस हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व टायरगाड्या जादा भारावर चालतात; त्यांचे नट उघडे असून चिखलाने माखलेले राहतात आणि हंगाम संपल्यावर ट्रॉली पुढच्या गळितापर्यंत शेताच्या कडेला उभी असते. शिवाजी उद्यमनगर तसेच शिरोली व गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींत ओतकाम, लेथ व वेल्डिंगची कामे एकमेकांजवळ असल्याने मोडका स्टड काढून नवा बसवणे सोयीचे जाते.

नवा नट आधी हाताने, बोटांनी चढेल तितका चढवतात; नंतर समोरासमोरच्या जोड्या घेत टप्प्याटप्प्याने आवळतात. ५० ते १०० किमी. चालवल्यावर सर्व नट पुन्हा तपासावे लागतात, कारण घासून साफ केलेली बैठक नव्याने दबते आणि पहिली आवळणी थोडी उतरते.