बाळाचा पहिला पीसीआर रिपोर्ट हरवू नका: एआरटी नोंदणीत कुठं अडतं

एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. उत्पन्नाची अट नाही. तपासणी आयसीटीसीत (एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र), पुढची नोंदणी एआरटी केंद्रात, म्हणजे जिथं एचआयव्हीचं औषध मिळतं तिथं. मुंबईत केईएम, नायर, शीव, जे. जे. इथं ही केंद्रं आहेत.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. पहिला नमुना सहा आठवड्यांचा, म्हणजे दीड महिन्याच्या लसीच्या वेळचा. "अठरा महिन्यांनी कळेल" एवढंच ऐकून घरी बसू नका. अठराव्या महिन्याची अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) तपासणी ही शेवटची पायरी आहे. तोवर बाळाच्या रक्तात आईच्याच अँटिबॉडी सापडू शकतात. म्हणून आधी टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी तपासणी, करतात. तो पॉझिटिव्ह आला की खात्रीसाठी दुसरा नमुना घ्यायचा, पण त्या रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करायचं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एकेक आठवडा मोलाचा आहे. विषाणू सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींमध्ये दडून बसतो आणि तिथं औषध त्याला मारू शकत नाही. औषध जितकं लवकर सुरू होईल आणि विषाणू जितका लवकर दबेल, तितका हा दडलेला साठा लहान राहतो.

नोंदणीला आयसीटीसीचा रिपोर्ट आणि रेफरल चिठ्ठी, आईची एआरटी पुस्तिका, जन्मदाखला, पालकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. नाव ठेवण्याआधीच्या रिपोर्टवर "बेबी ऑफ" आणि आईचं नाव असतं, दाखल्यावर मात्र बाळाचं. इथं हमखास खोळंबा होतो. आईचा आयसीटीसी क्रमांक दोन्हींना जोडतो, तो लिहून ठेवा. भाड्याच्या खोलीचा करार नसेल तर परत फिरू नका, समुपदेशकाला भेटून सांगा. कागदावाचून तान्ह्या बाळाचं औषध अडणं कुणालाच परवडणारं नाही.

तो पहिला पॉझिटिव्ह पीसीआर मात्र जिवापाड जपा. फार लवकर औषध मिळालेल्या काही मुलांच्या शरीरात स्वतःच्या अँटिबॉडी तयारच होत नाहीत. दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे साधी अँटिबॉडी तपासणी निगेटिव्ह येते, घरचे "बरा झाला" म्हणतात आणि औषध बंद होतं. अमेरिकेतल्या मिसिसिपीत एका बाळाला जन्मानंतर 30 तासांत औषध मिळालं होतं. पुढे उपचार थांबले, 27 महिने विषाणू दिसला नाही, आणि 2014 मध्ये तो पुन्हा उफाळला. निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला तरी एआरटीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही डोस बंद करू नका.

दर भेटीला वजन करून घ्या. बाळ वाढतं आणि डोस जुनाच राहिला, तर औषध कमी पडतं. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात तपासतात. तो एका मिलिलिटरमागे 1000 किंवा त्याहून जास्त आला, तर डोस चुकतात का, बाळ औषध थुंकतं का, हे न लपवता सांगा.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल तर आधीच जादा औषध मागून घ्या. कायमचं जायचं असेल तर ट्रान्सफरचे कागद आणि त्या पीसीआरची प्रत, दोन्ही सोबत हवेत. शंका असेल तर 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे.