ताळेबंदाखालची सही

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेश आला. आमच्या बडोद्यातल्या हिशेबवाल्या मंडळींत, म्हणजे रावपुरा-दांडिया बाजारात माडीवर ऑफिसं थाटून बसलेल्यांत, पुढचे दोन दिवस दुसरा विषय नव्हता. इथल्या स्टर्लिंग बायोटेक समूहाच्या प्रवर्तकांनी ५,१०० कोटी रुपये भरले तर त्यांच्यावरचे फौजदारी खटले संपवण्याची तयारी न्यायालयाने दाखवली होती. २०१७ च्या ऑक्टोबरात सीबीआयने गुन्हा नोंदवला तेव्हा आरोप ५,३८३ कोटींच्या कर्जाचा होता. प्रवर्तक त्याच वर्षी देशाबाहेर गेले आणि २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना फरारी आर्थिक गुन्हेगार ठरवलं.

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँक अधिकारी, सगळे त्यांना नाना म्हणतात, मला जिन्यातच गाठून म्हणाले, "तू सीए ना रे? मग सांग, पैसे भरले म्हणजे गुन्हा झालाच नव्हता असं धरायचं का?" मी काहीतरी मोघम उत्तर देऊन वर गेलो. पण नानांचा प्रश्न जुना आहे. कंपनीचे हिशेब खोटे निघाले तर माणसाला धरायचं की पैशाला, यावर कायदा दीडशे वर्षं घोळ घालतो आहे.

सुरुवात ग्लासगोपासून करावी लागते. ऑक्टोबर १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. संचालकांनी वर्षानुवर्षं ताळेबंद रंगवले होते. बुडीत कर्जं चांगली दाखवली आणि हातातलं सोनं होतं त्याहून जास्त लिहिलं. बँकेच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती, म्हणजे बँकेचं देणं भागेपर्यंत भागधारकाच्या घरादाराला हात लागणार. अठराशेच्या वर भागधारकांपैकी जेमतेम अडीचशे शेवटी सावरलेले राहिले. खटला मात्र झपाट्याने चालला. चार महिन्यांच्या आत सातही संचालक दोषी ठरले, दोघांना अठरा महिने आणि पाच जणांना आठ महिने. शिक्षा त्या काळीही लोकांना किरकोळच वाटली. पण पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये मर्यादित जबाबदारीच्या बँकांना दरवर्षी हिशेब तपासून घेणं सक्तीचं झालं. संचालकाच्या सहीशेजारी तपासनीसाची सही आली ती अशी.

आली खरी, पण तिचं वजन किती? याचं उत्तर १८९६ च्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यात मिळालं. आपल्याकडच्या सीएच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा खटला घोकलेला असतो. गिरणीचा व्यवस्थापक दरवर्षी कापूस आणि सुताचा साठा फुगवून लिहून द्यायचा. साठा जास्त दिसला की नफा जास्त दिसतो. हिशेब तपासनीसांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला, गोदामात जाऊन गाठी मोजल्या नाहीत. न्यायाधीश लोप्स यांनी त्यांना सोडलं आणि म्हणाले, तपासनीस हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. हे वाक्य आमच्या धंद्याने पुढे शंभर वर्षं ढालीसारखं वापरलं. मीही वापरलं आहे.

आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करत होतो तेव्हाची गोष्ट. ३१ मार्चला मकरपुऱ्यातल्या एका रसायनाच्या कारखान्यात मला साठा मोजायला पाठवलं. निळे ड्रम, भिंतीलगत सात रांगा, प्रत्येकावर चिठ्ठी. मी पाटी-पेन्सिल घेतल्यासारखा खाडाखोड करत मोजत होतो. स्टोअरकीपर भाई मागे मागे. चौथ्या रांगेत एका ड्रमला चुकून गुडघा लागला आणि तो सरकला. भरलेला दोनशे लिटरचा ड्रम गुडघ्याने सरकत नाही. मी पेनाने टकटक केलं, रिकामा आवाज. शेजारचा, त्याच्या शेजारचा, तोच आवाज. स्टोअरकीपर म्हणाला, "साहेब, चहा थंड होतोय." संध्याकाळी ऑफिसात येऊन सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "चिठ्ठीवर मॅनेजरची सही आहे ना?" होती. "मग आपल्या कागदात ती जोड." जोडली. वय एकवीस होतं, ही सबब मी आजही स्वतःला देतो.

आता बडोद्याकडे वळतो, कारण या इतिहासात आपलं गाव नुसतं प्रेक्षक नाही. मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये पदच्युत केल्यावर राज्याची विस्कटलेली घडी बसवायला दिवाण म्हणून आणले ते सर टी. माधवराव, तंजावरकडचे मराठी गृहस्थ. १८८२ पर्यंत ते होते. सयाजीराव ज्या शिस्तीत वाढले ती दप्तराची आणि हिशेबाची शिस्त होती. याच गावात १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहायकारी मंडळी काढली. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतात. २० जुलै १९०८ ला बँक ऑफ बडोदा सुरू झाली तीही संस्थानाच्या स्वतःच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली.

पाचच वर्षांत परीक्षा आली. १९१३ मध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली आणि त्या सुमाराला बँका पत्त्यासारख्या कोसळल्या. १९१३ ते १९१७ या काळात देशात ८७ बँका गेल्या. बँक ऑफ बडोदा तगली. नाना तिच्याच सेवेत होते, त्यामुळे हा भाग ते छाती पुढे काढून सांगतात, आणि खरं सांगायचं तर सांगावा असाच आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात त्याच साली, १९१३ मध्ये, नवा कंपनी कायदा आला आणि सरकारी प्रमाणपत्राशिवाय कुणालाही सार्वजनिक कंपनीचे हिशेब तपासता येईनात. पुढे १ जुलै १९४९ ला चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था उभी राहिली. आमचा 'सीए दिवस' तोच.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन प्रकरणं विमा कंपन्यांच्या पैशाभोवती फिरली. भारत इन्शुरन्सचे पैसे सट्ट्यातली देणी भागवायला वळवल्याबद्दल रामकृष्ण दालमियांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एवढा मोठा उद्योगपती खरोखर तुरुंगात गेला, हे तेव्हाच्या लोकांना पचायला जड गेलं असणार. दरम्यान १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारी झाला, तर पुढच्याच वर्षी त्याच आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास गुंतवल्याचं फिरोज गांधींनी लोकसभेत बाहेर काढलं. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना १९५८ च्या फेब्रुवारीत जावं लागलं. आज आयोग म्हटलं की आपण पाच वर्षं मनातल्या मनात मोजायला घेतो, छागलांचं काम काही आठवड्यांत संपलं होतं.

१९५६ च्या कंपनी कायद्यात मात्र हिशेबात खोटं विधान करण्याला जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. ती तशीच अर्धशतकाहून जास्त चालली. १९९२ चं हर्षद मेहता प्रकरण सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला कायद्याचा आधार त्याच वर्षी मिळाला, एवढं इथे पुरे.

धक्का बाहेरून आला. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळं काढलं. मराठी घरांत हे नाव गुहागर-दाभोळमुळे आधीच परिचयाचं होतं, आणि विजेच्या दरावरून भांडणारे आपण, ताळेबंदाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. कर्जं बाहेरच्या कागदी संस्थांत लपवली होती. पाठोपाठ २००२ मध्ये वर्ल्डकॉम ही दूरसंचार कंपनी, तिथे तर चालू खर्च सरळ मालमत्ता म्हणून लिहिले होते. ही लबाडी कंपनीच्याच अंतर्गत तपासनीसांनी, रात्री बसून, शोधली. अमेरिकेने जुलै २००२ मध्ये सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा केला. प्रमुखाने आणि वित्त अधिकाऱ्याने स्वतः सही करायची, आणि जाणूनबुजून खोटी केली तर वीस वर्षांपर्यंत कैद. 'मला ठाऊक नव्हतं, खालच्यांनी केलं' हा दरवाजा बंद. वर्ल्डकॉमच्या एबर्सना पंचवीस वर्षं झाली, एन्रॉनच्या स्किलिंगना चोवीस, ती पुढे चौदावर आली. आपल्याकडेही सेबीने शेअर बाजाराच्या नोंदणी करारातल्या कलम ४९ मध्ये तशाच दोन सह्या मागितल्या. २००६ पासून त्या लागू झाल्या.

या सह्यांचं काय झालं ते ७ जानेवारी २००९ च्या सकाळी कळलं. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालकांना पत्र लिहिलं. ते पत्र मी छापून ठेवलं आहे, कारण त्यातले आकडे एखाद्या नीटस ऑडिट नोंदीसारखे मांडले आहेत. रोख आणि बँकेतली शिल्लक ५,०४० कोटींनी फुगवलेली. कधी न मिळालेलं व्याज ३७६ कोटी. न दाखवलेलं देणं १,२३० कोटी. येणी ४९० कोटींनी वाढवलेली. बेरीज ७,१३६ कोटी. वाघावर बसलोय, उतरलो तर खाईल, असं वाक्यही त्यात आहे, पेपरांनी तेवढंच उचललं. त्या एका दिवसात शेअर तीन चतुर्थांशाहून जास्त पडला.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पाकिटाची आहे. कंपनी म्हणते, बँकेत इतके पैसे आहेत. ऑडिटरने काय करायचं? बँकेला स्वतः पत्र लिहायचं, स्वतः टपालात टाकायचं, आणि उत्तर थेट आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचं. मध्ये कंपनीच्या माणसाचा हात लागता कामा नये. आर्टिकलशिपच्या पहिल्या महिन्यात शिकवतात ते हे. अमेरिकेच्या नियामकाने २०११ मध्ये सत्यमचे हिशेब तपासणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतातल्या शाखांना दंड केला तेव्हा नेमकं हेच लिहिलं, की पत्रं पाठवणं आणि उत्तरं गोळा करणं त्यांनी पूर्णपणे सत्यमच्या व्यवस्थापनावर सोपवलं होतं. हजारो कोटींची शिल्लक, आणि पाकीट कंपनीच्याच शिपायाच्या हातात. सत्यम न्यूयॉर्कच्या बाजारातही नोंदलेली होती, म्हणजे कलम ४९ च्या सह्या होत्या आणि सार्बेन्स-ऑक्स्लीच्याही. सह्या सगळ्या जागच्या जागी होत्या.

माणसांचं काय झालं? राजू दोन दिवसांत अटकेत गेले आणि जामिनाआधी अडीच वर्षांहून जास्त आत राहिले. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दहाही आरोपींना दोषी धरलं, त्यांत दोन ऑडिटरही होते. राजूंना सात वर्षांची सजा झाली आणि महिन्याभरात ती स्थगित होऊन ते बाहेर आले. सेबीने २०१८ मध्ये प्राइस वॉटरहाउसवर दोन वर्षांची बंदी घातली, २०१९ मध्ये अपिलात ती उठली. कंपनी मात्र वाचली, कारण सरकारने आठवड्याच्या आत जुनं मंडळ बरखास्त करून नवं बसवलं आणि एप्रिल २००९ पर्यंत ती टेक महिंद्रकडे गेली.

सत्यमनंतर २०१३ चा कंपनी कायदा आला आणि दोन वर्षांची ती जुनी शिक्षा गेली. कलम ४४७ खाली फसवणुकीला सहा महिने ते दहा वर्षं, त्यात जनहित गुंतलेलं असेल तर किमान तीन वर्षं, आणि वर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड. ऑडिटर फिरते झाले, एकाच पेढीने पिढ्यान्पिढ्या एकाच शेठचे हिशेब तपासण्याची सोय गेली. गंभीर फसवणूक तपास कार्यालय २००३ पासून होतं, त्याला आता अटकेचा अधिकार मिळाला. आणि सर्वांत मोठी गोष्ट, ऑडिटरला मोठ्या रकमेची लबाडी दिसली तर त्याने सरकारला कळवलंच पाहिजे. म्हणजे राखणीच्या कुत्र्याला निदान भुंकणं सक्तीचं झालं. ऑडिटरांवर नजर ठेवणारं राष्ट्रीय प्राधिकरण याच कायद्यात लिहिलेलं होतं, पण ते बसायला १ ऑक्टोबर २०१८ उजाडावा लागला. त्याच दिवशी सरकारने आयएल अँड एफएसचं मंडळ ताब्यात घेतलं, पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आणि समूहाच्या डोक्यावर नव्वद हजार कोटींहून जास्त कर्ज असलेली कंपनी. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

त्याच वर्षी बडोद्याचं आणखी एक नाव पेपरात आलं, केबल बनवणाऱ्या डायमंड पॉवरचं. सीबीआयने अकरा बँकांच्या २,६५४ कोटींचं प्रकरण नोंदवलं. आरोपांत एक होता बँकांना खोटी स्टॉक स्टेटमेंटं दिल्याचा. कॅश क्रेडिटवर चालणारी कंपनी दर महिन्याला बँकेला लिहून देते, गोदामात इतका माल, इतकी येणी, आणि त्यावर उचल ठरते. १८९६ च्या कापसाच्या गाठी इथे तांब्या-ॲल्युमिनियमच्या झाल्या. ते वाचताना मला भिंतीलगतच्या सात रांगा आठवल्या.

नानांच्या प्रश्नाकडे परत येतो. दिवाळखोरी कायद्यात डिसेंबर २०१९ पासून ३२-अ हे कलम आहे. कंपनी नव्या, असंबंधित मालकाकडे गेली की जुन्या पापांचा खटला कंपनीवर चालत नाही, तिची मालमत्ता जप्त होत नाही. पण ज्या माणसांनी ते केलं ते सुटत नाहीत. म्हणजे संसदेने पैसा आणि माणूस वेगळे काढून ठेवले, तर २०२५ च्या आदेशात पैसा आल्यावर माणूसही मोकळा होण्याची वाट दिसली. आदेशातच नमूद आहे की तो त्या प्रकरणापुरता, पायंडा म्हणून नव्हे.

हे सगळं मी नानांना परवा सांगितलं, या वेळी जिन्यात नाही, त्यांच्या घरी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या वेळी शाखेत शंभराची नोट कमी भरली तर कॅशियर दुसऱ्या दिवशी निलंबित." मग कपाटातून आपल्या सोसायटीचे हिशेब काढले. खजिनदार तेच आहेत. "बघून सही कर." मी बँकेचं मूळ पासबुक मागितलं. ते जरा नाराज झाले, पण उठून आणून दिलं.