रिमोट पॉवर स्विचला आयपी ॲड्रेस देताना एवढं बघा

रिमोट पॉवर स्विच म्हणजे सॉकेटांचा डबा, त्याच्यावरची मशीन नेटवर्कवरनं लांबूनच चालू-बंद करता येते. तो भिंतीवर किंवा रॅकमध्ये चढवायच्या आधी टेबलावर ठेवूनच ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, देऊन घ्या. उद्यमबागेतल्या शेडमध्ये एकदा वर बसवला की मग शिडीवर लॅपटॉप धरून उभं राहायला लागतंय.

कंपनीतून येताना स्विचला एक ॲड्रेस दिलेला असतोय, खालच्या स्टिकरवर बघा. समजा तो १९२.१६८.०.१०० आहे आणि तुमचा राऊटर १९२.१६८.१.१ वर, तर दोघांची गल्लीच (तिसरा आकडा) वेगळी, ब्राउझरमध्ये कितीदा टाकलात तरी पेज उघडत नाही आणि मग "स्विच खराब दिलाय" म्हणून आम्हाला फोन येतोय. खराब काही नसतंय. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, लॅनची वायर थेट स्विचला जोडा, लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.०.१० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि मग पेज उघडा (आकडे अर्थात इंग्रजीत टाईप करायचे). आत गेल्या गेल्या पहिला पासवर्ड बदला, बाकी सगळं नंतर.

आता नंबर कुठला द्यायचा? राऊटर स्वतः जे नंबर वाटतोय, म्हणजे डीएचसीपीची रेंज, त्याच्या बाहेरचा. राऊटर शेवटचा आकडा १०० ते १९९ वाटत असेल तर २५०, म्हणजे १९२.१६८.१.२५०, चालतंय, पण कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला किंवा हजेरीच्या मशीनला कुणी आधीच तो देऊन ठेवलाय का ते विचारून घ्या, पिंगला (नेटवर्कवरनं त्या नंबरला मारलेल्या हाकेला) उत्तर आलं नाही म्हणजे नंबर मोकळाच आहे असं नसतंय, मशीन बंद पण असू शकते. गेटवे (नेटवर्कबाहेर जायचा रस्ता) ह्या रकान्यात राऊटरचा ॲड्रेस टाका. सेव्ह केलं की पेज अडकतंय, घाबरू नका, ॲड्रेस बदलला म्हणून तसं होतंय. लॅपटॉप परत ऑटोमॅटिकवर करा, स्विच राऊटरला जोडा, नव्या नंबरवर उघडून बघा.

ऑटोमॅटिकच ठेवलं तर काय बिघडलं, असं बरेच जण विचारतात. खानापूर साईडला पावसाळ्यात लाईट ये-जा करते तेव्हा कळतंय. लाईट आली की स्विच काही सेकंदात उठतोय, राऊटरला मात्र मिनिट-दोन मिनिटं लागतात, तोवर नंबर द्यायला कुणीच नाही, मग काही मॉडेल स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा नंबर घेऊन बसतात. नाहीतर राऊटरकडनं वेगळाच नंबर येतोय आणि निपाणीत बसून बेळगावची मशीन बंद करायची म्हटली की आधी स्विचच शोधत बसा.

आणि राऊटर ह्याच स्विचच्या सॉकेटवर लावू नका हो! रिमोटनं ऑफ मारलात की परत ऑन मारायला रस्ताच उरत नाही. फक्त पिंग करून राऊटर आपोआप रीस्टार्ट करायची सोय तुमच्या मॉडेलमध्ये असेल तर चालेल, पण रीस्टार्टनंतर थांबायचा वेळ पाच मिनिटं तरी ठेवा, नाहीतर राऊटर उठायच्या आतच स्विच त्याला परत पाडतोय.

बाहेरनं वापरायला पोर्ट फॉरवर्डिंग (राऊटरमधनं स्विचचं पेज थेट इंटरनेटवर उघडं करणं) करू नका, व्हीपीएन (बाहेरनं आपल्या नेटवर्कमध्ये यायचा कुलूपबंद रस्ता) घ्या. मोठी मोटर थेट लावायची नाही, मध्ये कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा करंट झेलणारा वेगळा स्विच) पाहिजे.

नंबर मार्करनं डब्यावर लिहून ठेवा, पासवर्ड लिहू नका. अडलात तर स्टिकरचा आणि नेटवर्क पेजचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर पाठवा, मग फोन करा.