गप्प बसलेली जनुकं

तापलेल्या जमिनीवर पाऊस पडला की मृद्गंध सुटतो. त्यात मोठा वाटा जिऑस्मिन नावाच्या संयुगाचा, आणि ते बनवण्यात आघाडीवर असतात मातीतले स्ट्रेप्टोमायसीस जीवाणू. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं तेही याच गोतावळ्यात. त्यांच्यातल्या स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर या जातीला ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड हॉपवुड यांनी १९५०च्या दशकात हाताशी धरलं, ते कायमचं. हा जीवाणू निळं रंगद्रव्य सोडतो म्हणून नाव सीलिकलर, म्हणजे 'आकाशरंगी'.

२००२ मध्ये ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूट आणि जॉन इनेस सेंटर इथल्या शास्त्रज्ञांनी त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा अक्षरक्रम, प्रसिद्ध केला. काम किचकट होतं. डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि सी यांची जोडी घट्ट बसते, आणि इथे ७२ टक्के अक्षरं तीच. असा डीएनए सहजी उलगडत नाही. एकूण अक्षरं भरली ८६,६७,५०७ आणि जनुकं अंदाजे ७,८२५. यीस्टची जनुकं सहा हजारांच्या आसपास आहेत, आणि यीस्ट तर आपल्यासारखं पेशीत केंद्रक बाळगणारं, जीवाणूंहून गुंतागुंतीचं!

एवढ्या जनुकांचं हा करतो काय? माती आज चिंब, उद्या कोरडी, शेजारी भुकेले, आणि याला पोहून पळताही येत नाही. बारा टक्के जनुकं तर नुसती इतर जनुकांवर देखरेख करणारी.

खरी गंमत पुढेच आहे. इतकी वर्षं प्रयोगशाळेत वाढवूनही या जीवाणूची मोजकीच खास रसायनं माहीत होती. जीनोममध्ये मात्र अशी रसायनं बनवणारे वीसहून जास्त जनुकसमूह निघाले. बरेचसे गप्प, म्हणजे काहीच न बनवणारे. आयतं अन्न मिळणाऱ्या बशीत प्रतिजैविक बनवण्यात शक्ती कोण घालवेल? त्यातला एक समूह बोलता झाला आणि २०१२ मध्ये त्याच्या सीलिमायसिन या पिवळ्या संयुगाची रचना उलगडली. बाकीच्यांना कशाने जाग येईल, हा शोध औषधांसाठी मोलाचा आहे.

जिऑस्मिनच्या जनुकाची वेळ मात्र कळली आहे. बीजाणू तयार होताना ते चालू होतं. स्प्रिंगटेल नावाचे चिमुकले जीव त्या वासाने येतात, जीवाणूवर ताव मारतात आणि अंगाला चिकटलेले, विष्ठेतून पडणारे बीजाणू दूरवर पोचवतात, असं २०२० मध्ये दिसून आलं. पाऊस पडल्यावर आपल्या नाकाशी येतो तो हाच निरोप, आपल्यासाठी नसलेला.